धारेच्या खालचा बांध

प्रिय मामी,

तुमचं काम झालं. पण तुम्ही सांगितलं होतं तसं नाही झालं. हे दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा सुनेकडूनच कळलेलं बरं, म्हणून लिहायला बसले.

गेलात तुम्ही, तेही भर चैत्रात. जाण्याआधी बजावलंत, "माझी राख डोंगरातल्या धारेत सोडा. नांदेडला गोदावरीत नगं, तिथं लई गर्दी हाय." मामी, पावसाळ्यात कड्यावरून पडणारी धार चैत्रात कुठे असते? तिथे नुसता काळा दगड तापत होता.

अस्थी घरात आणायच्या नसतात, म्हणून गाडग्यात घालून शेतातल्या लिंबाला बांधल्या. भावकी रोज टोचायची, "गोदावरीला न्या अन् मोकळे व्हा." मी हटले नाही. पण पावसाळा लागेपर्यंत तुम्हाला असं टांगून ठेवलं, याचं वाईट वाटायचं. शेतात गेले की आधी लिंबाकडे बघायची.

धारच का हवी, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. गरजच नव्हती. घरी तुमचे हात कधी रिकामे दिसले नाहीत. श्रावणात शेळ्या घेऊन तिथे गेलात की मात्र दगडावर पाय सोडून नुसत्या बसून राहायचात. लग्नानंतर मला पहिल्यांदा नेलंत, तेव्हा मी धारेच्या वरच्या अंगाला साबणाने हातपाय धुवायला लागले. केवढं ओरडलात! "खाली कुणी पीत आसंल. वरल्यानं खालच्याचं बघावं."

परवा रविवारी तुमच्या लेकाला सुट्टी होती, म्हणून गाडगं फडक्यात बांधून आम्ही वर गेलो. वाटेवरच्या दगडांवर आता पांढऱ्या रंगाचे बाण काढलेत. तुम्ही नांदेडला नको म्हणालात, तर नांदेडच वर आलं होतं. पोरं-पोरी धारेखाली भिजत होती, बाटल्या भरून पाणी पीत होती. एका पोरीने माझ्यापुढेही बाटली धरली. "काकू, प्या, लई थंड हाय. तुमी काय आणलाव, डबा?" तुमचा लेक "हाव" म्हणून मोकळा झाला.

एक टोळी उतरली की दुसरी चढायची. शेवटी तुमचा लेक हळूच म्हणाला, "वरी जाऊन सोडू. कुणाला कळतंय?"

"मामीला कळंल," मी म्हटलं.

मग गाडगं उचलून त्यांनीच खालची वाट धरली.

मोठा पाऊस झाला की धारेचा ओढा आपल्या शेताच्या खालच्या बांधापर्यंत येतो आणि तिथेच जिरतो. त्याच्या पुढे कुणी ते पाणी पीत नाही. तिथे मी खुरप्याने माती उकरली, त्यांनी राख ओतली. चितेपाशी न रडलेला तुमचा लेक तिथे रडला.

तुमचंच बोलणं तुमच्यावर उलटलं. रागावलात तर रागवा. पण काल डोंगरावर चांगला पाऊस झाला, आणि आज सकाळी पाणी बांधाला टेकलं. मी जाऊन बघून आले. तुम्हाला धारेत सोडता आलं नाही मामी, धारच तुमच्यापाशी आली.

यापुढे दर श्रावणात पाणी आलं की मी त्या बांधावर येईन. खुरपं घरी ठेवून येईन, आणि तुम्ही बसायचात तशी नुसती बसेन.

तुमची सून,
सुनंदा