वाढवून मिळालेली रजा

आप्पा, सात वर्षांची असताना मी टायफॉइडने वारले, हे मला गेल्या रविवारी सकाळी कळलं. इकडे परदेशात, लोअर हटच्या माझ्या स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या. एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात पोह्यांवर घालायची कोथिंबीर. फोनवरच्या फोटोतलं अक्षर तुमचं होतं, त्यात शंकेला जागा नव्हती. र ला जी लांब शेपटी तुम्ही काढायचात तीसुद्धा तिथंच होती. 'माझी थोरली कन्या, वय वर्षे सात, विषमज्वराने मयत झाल्याने मी मुदतीत हजर होऊ शकलो नाही.' मी ते तीनदा वाचलं. मग शेगडी बंद केली आणि खाली बसले. खुर्चीवर नाही, फरशीवर. नवरा आत आला आणि घाबरून विचारायला लागला, काय झालं, चक्कर आली का. मी म्हटलं, काही नाही, मी गेले म्हणे. एक्कावन्न वर्षांची बाई मी, रोज शंभर लोकांना त्यांच्या गोळ्या मोजून देते, आणि माझ्याच बापानं मला सरकारी कागदावर पुरून टाकलं होतं.

हे कागद मी मागवले ते तुमच्या नातवासाठी. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत, तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी तो झाला. तीन वर्षांचा असताना आम्ही त्याला इकडे आणलं. मराठी त्याला सगळं समजतं, बोलतो मात्र अर्धं इंग्रजीत. शाळा संपल्यावर तो इथल्या सैन्यात गेला. बाकीच्या मराठी घरांतली मुलं इंजिनियर, डॉक्टर होत होती आणि मी मिरवत होते, आमच्याकडे रक्तातच आहे हो, माझे वडील फौजेत होते. तुमची नोकरी बारा वर्षांची, पण सांगता सांगता मी तिची वीस केली होती. तर तो गेला, आणि दोन वर्षांनी परत आला. टाकानिनी गावात त्याची एक मैत्रीण होती. तिच्याकडे सुट्टीला गेला की परत जायला त्याचा पाय निघायचा नाही. एकदा दोन दिवस उशीर झाला, समज मिळाली. दुसऱ्यांदा नऊ दिवस गेलाच नाही, आणि वर साहेबाला सांगितलं की वाटेत गाडी बंद पडली. ते खोटं लगेच उघडं पडलं. हातात जो कागद देऊन त्याला घरी पाठवलं त्यावर कारण लिहिलं होतं, गैरवर्तन. ती मैत्रीणही पुढं राहिली नाही.

आता त्याला आगीच्या बंबावर काम करायचंय. मनापासून करायचंय, त्यासाठी रोज सकाळी पाठीवर वाळूची पिशवी घेऊन टेकडी चढतो. पण तिथल्या फॉर्मवर विचारतात, आधीची नोकरी का सुटली, कागद जोडा. तो कागद जोडला की पुढं कुणी बोलावत नाही. म्हणून त्यावरचा शेरा बदलून मिळावा असा अर्ज त्यानं करायचं ठरवलं. एक समिती असते, ती सगळं तपासून बघते. त्याचं स्वतःचं निवेदन आणि घरच्या कुणाचं तरी एक पत्र, असं द्यायचं होतं. पत्र मी लिहिणार होते.

आणि मी काय लिहिलं ते ऐका. फेब्रुवारीत माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. ते मी चार महिने मागे ओढून ऑक्टोबरात नेलं. आई दवाखान्यात म्हणून मुलगा थांबला, असं छान पानभर लिहून त्याला वाचायला दिलं. त्यानं वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला.

"आई, दॅट्स नॉट व्हॉट हॅपन्ड. तू फाइन होतीस. त्याच वीकला दिवाळीच्या प्रोग्रामला तू ती ग्रीन साडी नेसून डान्स केलास. देअर आर हीप्स ऑफ फोटोज!"

"अरे, थोडं इकडचं तिकडं केलं तर कुणाला कळतंय?"

"मी ऑलरेडी एकदा गाडीचं खोटं बोललोय. त्यानंच माझी वाट लागली. आय'म नॉट डुइंग इट अगेन."

मला राग आला. जो मुलगा स्वतःच्या खोट्यामुळं घरी बसलाय तो मला सत्य शिकवतोय! मी तुम्हालाच पुढं केलं, नेहमीसारखं. म्हटलं, तुझ्या आजोबांनी फौजेत एक दिवस कधी उशीर केला नाही, एक शब्द खोटा बोलले नाहीत, त्यांच्या पोटी येऊन मला हे ऐकायची वेळ आली. तो शांतपणे म्हणाला, "देन पुट हिम इन. आजोबांचे पेपर्स अटॅच कर." आणि मला ते पटलं! इथं जन्मलेल्या माणसाला हे सुचलंच नसतं, आजोबांचा दाखला नातवाच्या अर्जाला कोण जोडतं? पण आपल्याकडे स्थळ बघताना घराणं बघतात, तसं समितीनंही बघावं असं मला खरोखरच वाटलं. मी धाकट्या भावाला कराडला फोन लावला आणि तुमची ट्रंक उघडायला सांगितलं.

तो म्हणाला, "ताई, आप्पांचे कागद कशाला पाहिजेत तुला? ऱ्हाऊ दे की." मी हट्ट धरला. दोन दिवसांनी त्यानं सतरा फोटो पाठवले आणि खाली एकच ओळ, आधी तू वाच, मग बोलू. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात त्यानं ते वाचले होते. बावीस वर्षं तो हे एकटा धरून बसला होता आणि मी इथं तुमच्या नावाचे झेंडे लावत होते.

आईच्या दुखण्यापायी मी लवकर निवृत्ती घेतली, असं तुम्ही आम्हाला सांगितलं होतंत. तुम्हाला काढलं होतं, आप्पा. चार लाल शाईच्या नोंदी आणि चारींचा गुन्हा एकच, रजेवरून मुदतीत न परतणे. पाच दिवस, नऊ दिवस, अकरा दिवस, तेवीस दिवस. चारित्र्याच्या रकान्यात 'उत्तम' नाही, 'चांगले' नाही, नुसतं 'ठीक'. त्या 'ठीक'वर बँकेत पहारेकऱ्याचीही नोकरी मिळत नव्हती, म्हणून तुम्ही सूतगिरणीच्या फाटकावर उभे राहिलात. आणि आम्हाला वाटायचं, आप्पांना घराजवळच राहायला आवडतं.

ते तेवीस दिवस माझे आहेत. मला ते दिवस दिसतात अजून. आई धाकट्याच्या बाळंतपणाला माहेरी गेलीय, आजीला डोळ्यांनी दिसत नाही, आणि तुम्ही माझ्या कॉटशेजारी पाट टाकून बसलाय. तापानं माझे केस गळतायत, तुम्ही ते उशीवरून एकेक उचलताय. तांदळाची पेज तुम्ही करता, पातळ, मीठ जास्त झालेली, आणि मी तोंड वाकडं केलं की म्हणता, फौजेत अशीच मिळते, प्या जवान. रजेवर असूनही रोज सकाळी खिडकीत आरसा टेकवून दाढी करता. ताप उतरला त्या दिवशी तुम्ही बाजारातून मला हिरवा कंगवा आणलात; डोक्यावर विंचरायला काही उरलं नव्हतं, तरी आणलात. मी विचारलं, आप्पा, तुम्हाला जायचं नाही का? तुम्ही म्हणालात, रजा वाढवून मिळालीय. माझ्या सगळ्या लहानपणातले सगळ्यात सुखाचे दिवस ते. तो गुन्हा आहे हे मला आत्ता, पन्नाशी उलटल्यावर कळतंय.

पण मग मुलगी आजारी होती एवढंच का नाही लिहिलंत? खरंच तर होतं ते! त्या अर्जाच्या आधीचे दोन अर्ज मी पाहिले, त्यात कारणच नाही, फक्त 'चूक झाली, क्षमा असावी, शेरा सुधारून मिळावा'. दोन्ही फेटाळलेले. तिसऱ्यात तुम्ही मला मारलंत. बहुधा तुम्हाला वाटलं असेल, आजारानं कुणाचं मन द्रवत नाही, मेलं तरच द्रवतं. मी हे तुम्हाला विचारू शकत नाही, आणि दुसऱ्या कुणाला विचारण्यासारखं नाही.

शेवटचा फोटो चौकशीच्या अहवालाचा होता. कचेरीतून माणूस येऊन गेला होता. 'अर्जदाराची सदर कन्या हयात असून चौकशीच्या वेळी घरी समक्ष हजर होती. सबब अर्ज निकाली काढावा.' तो माणूस मला आठवतो. मी नऊ वर्षांची आहे. सफारी घातलेले एक गृहस्थ ओट्यावर बसलेत, मांडीवर फाईल आहे. तुम्ही दारात उभे आहात, आत येत नाही, बाहेर जात नाही. पाहुण्याला पाणी द्यायचं असतं हे मला शिकवलेलं, म्हणून मी कुणी न सांगता तांब्या-भांडं घेऊन बाहेर येते. ते विचारतात, बाळ, तुझं नाव काय? आणि मी तुम्ही शिकवल्याप्रमाणे, पाय जुळवून, मान वर करून, माझं, तुमचं आणि आडनाव, असं पूर्ण नाव मोठ्यानं सांगते. ते फाईलकडे बघतात. तुमच्याकडे बघतात. पाणी पितात. ते गेल्यावर तुम्ही बराच वेळ दारातच होतात. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, शाब्बास, नाव नीट सांगितलंस.

तुमच्या अर्जाचा निकाल मी लावला, आप्पा. पाय जुळवून.

त्याच्या पुढच्या वर्षी मी शाळा बुडवली आणि मामा वारल्याची खोटी चिठ्ठी गुरुजींना दिली. तुम्ही मला हाताला धरून शाळेत नेलंत, वर्गासमोर माफी मागायला लावलीत, आणि घरी येताना म्हणालात, जितं माणूस कागदावर मारायचं नसतं. एवढ्याशा चिठ्ठीसाठी इतका राग कशाला, म्हणून मी तुमच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

रविवारी दुपारी मी मुलाला समोर बसवून सतराही कागद वाचून दाखवले, अवघड शब्द सोपे करून. मला वाटलं तो हसेल, मला टोमणा मारेल. हक्क होता त्याला. तो तसा नाही. बराच वेळ तो त्या लाल नोंदीच बघत बसला.

"ही जस्ट वॉन्टेड टू स्टे," तो म्हणाला. "लाइक मी." आणि थोड्या वेळानं, "तो तुझ्यासाठी राहिला पण. मी एका मुलीसाठी राहिलो, जिला आता माझा नंबरपण नकोय."

"म्हणून सांगते, माझं ऑपरेशन राहू दे पत्रात."

"आई. नो."

त्यानं स्वतःचं निवेदन पाच ओळींत लिहिलं. मी एकोणीस वर्षांचा होतो, मला परत जायचं नव्हतं, मी खोटं बोललो, त्याची लाज वाटते, मला पुन्हा काम करायचं आहे. अशा उघड्या अंगानं कुणी समितीपुढं जातं का?

काल शनिवारी मी लायब्ररीत गेले. तिथं सकाळी एक वयस्कर बाई छोट्या टेबलाशी बसतात, लोकांच्या कागदांवर आपल्यासमोर सही करून घेतात आणि शिक्का मारतात. माझ्या पर्समध्ये दोन पत्रं होती. एकात ऑपरेशन होतं, एकात नव्हतं. रांगेत माझ्यापुढं दोघं होते आणि मी तेवढ्या वेळात तीनदा पर्स उघडून बंद केली. बाईंनी चष्म्यावरून बघत इथल्या पद्धतीनं नमस्कार करून विचारलं, "कियोरा, डियर. इट्स ऑल ट्रू अँड करेक्ट, इज इट?" मी खरं पत्र पुढं केलं. ऑपरेशन नसलेलं, आजोबा नसलेलं, माझा मुलगा चुकला आणि तो कष्टाळू आहे, एवढंच सांगणारं. सही केली, त्यांनी शिक्का मारला. संध्याकाळी त्यानं सगळं एकत्र करून पाठवून दिलं आणि मला मिठी मारली. निकाल कधी लागेल, कसा लागेल, कुणाला माहीत. दुसरं पत्र मी फाडलं.

हे तुम्हाला लिहिलेलं कुठं पाठवणार मी? पाठवायला पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तोंडावर सांगायची हिंमत मला झाली नसती. सही करताना मला तुमची लाज वाटत नव्हती. मला तुमचा राग येत होता, आणि तो तुम्ही खोटं लिहिलंत म्हणून नव्हता. ते तुम्ही अर्धवट केलंत म्हणून होता. तो माणूस येणार हे तुम्हाला माहीत असणार. त्या दिवशी मला आत्याकडे पाठवायचं होतंत, आप्पा. मी संध्याकाळपर्यंत तिथं गुपचूप बसून राहिले असते.