मुख्य कोचची हजेरीवही

८ जानेवारी, बुधवार
आजपासून नियमित लिहायचं. मोठे कोच लिहितात.
सध्या मी बेटाच्या फुटबॉल क्लबचा हंगामी कोच. ‘हंगामी’ हा शब्द फेब्रुवारीतल्या वार्षिक सभेपर्यंतच. गुडघा गेला नसता तर अजून फॉरवर्डच असतो. एका मोसमात अकरा गोल, क्लबचा विक्रम. शेल्लाउग म्हणते, त्यातले चार एकाच मॅचमध्ये, आणि त्या दिवशी समोरचा गोलकीपर उलट्या करत होता. शेल्लाउग मैदानावरची क्लबची वॉफल विकायची खिडकी सांभाळते. तिला फुटबॉल कळत नाही.
हजेरी: पाच.

१५ जानेवारी, बुधवार
हजेरी: दोन. कॉड माशाचा हंगाम लागला, बाकीचे बोटींवर. अध्यक्षांना, म्हणजे ओड्वारला, फोन केला. म्हणाला, “अरे स्टाइनार, मासा काय तुझं टाइमटेबल बघून येतो?”
हरकत नाही. माणसं कमी असली की प्रत्येकाकडे नीट लक्ष देता येतं. दिलं. एक जण म्हणाला, “जरा लांबून दे.”

२६ जानेवारी, रविवार
मैदानावरचा बर्फ काढायला अकरा वाजता श्रमदान ठेवलं होतं. सूचना तीन ठिकाणी लावली, शब्द न् शब्द शब्दकोशात तपासून. हजर: मी.
बाराला शेल्लाउग थर्मास घेऊन आली. “बाकीचे कुठेत?” म्हटलं, येतायत. तिनं वीस कप आणले होते. दोन वापरले.
अंधार पडेपर्यंत अर्धं मैदान झालं. अर्ध्या मैदानावर खेळ वेगवान होतो. मुद्दाम तेवढंच ठेवलं असं सांगायचं. कुणी विचारलं तर.

५ फेब्रुवारी, बुधवार
हजेरी: एक. गोलकीपर रोगर. अंगठा मोडल्यामुळे बोटीवर गेला नाही. त्याला गोलात उभं करून फॉरवर्डची चाल दाखवली. अकरा गोल! रोगर म्हणाला, “माझ्या अंगठ्याची शपथ, तुझ्यासारखा फॉरवर्ड नाही.” खेळाडूंचा विश्वास मिळवणं हेच अर्धं काम.
घरी येईपर्यंत गुडघा पावाएवढा सुजला.

१९ फेब्रुवारी, बुधवार
हजेरी नाही. सवड मिळाल्यामुळे टीमची तीन वर्षांची योजना लिहून पूर्ण झाली. अडतीस पानं, समास आखून. पाकीट ओड्वारच्या हातात दिलं.
सभेला मात्र जायचं नाही. हे डावपेच आहेत. आपल्याकडे सभेला जो नसतो त्याच्याच गळ्यात पद पडतं. गेल्या वर्षी रोगर संडासला गेला आणि चिटणीस होऊन परत आला. गेलो तर मागावं लागेल. नाही गेलो तर एकमतानं मिळेल.
शेल्लाउगला सांगितलं. “वेड्या, तिथं जाऊन बस आणि हवंय ते तोंडानं सांग.” तिला राजकारणही कळत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार
सात वाजता सभा सुरू. बोलावलंच तर असावा म्हणून शर्ट इस्त्री करून घातला. फोन टेबलावर.
७.४०. फोन चालू आहे ना ते पाहायला आईला लावला. ती म्हणाली, “किती दिवसांनी रे!” लाइन मोकळी हवी म्हणून लगेच ठेवला.
८.२०. ओड्वार! “स्टाइनार, एकमतानं! दोन वर्षांसाठी!” मागे टाळ्या ऐकू आल्या. मी आभार मानले. जास्त काही विचारलं नाही. कोचनं उतावीळ दिसू नये.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी दारावर थाप. शेल्लाउग. हातात वॉफलचं यंत्र, निळा एप्रन, खिडकीची किल्ली. “अभिनंदन! बावीस वर्षांनी सुटले बाई.”
मी वॉफल समितीचा प्रमुख. खेळाडू पुरत नाहीत म्हणून आपली टीम शेजारच्या बेटाच्या टीमला जोडली. कोच त्यांचा.
माझ्या योजनेच्या पाकिटाचं विचारलं. त्यावर कॉफीची किटली ठेवली होती, म्हणाली. मग जाता जाता थांबली. “ओड्वारनं दोनदा विचारलं रे, स्टाइनारचं काय म्हणणं आहे? तुझी खुर्ची रिकामी.”
ही व्यवस्था तात्पुरती असणार. दोन मॅच हरले की फोन येईल. यंत्र कपाटावर ठेवलं. फोन टेबलावर.

२६ एप्रिल, शनिवार
बोटी परतल्या. जोडटीमचा पहिला सराव, आपल्याच मैदानावर. त्यांचा कोच म्हणाला, मैदान छान राखलंय, कोण बघतं? ओड्वार म्हणाला, “ते होतं आपोआप.”
मी खिडकीत. पीठ साडेनऊलाच भिजवलं होतं. सराव संपल्यावर सगळे धावत आले. “स्टाइनार, दोन! तपकिरी चीज घालून!” “मला करपका नको हं, कोचसाहेब!” प्रत्येक जण नावानं बोलला. फॉरवर्डनं डावा पाय उशिरा टाकला ते मी पाहिलं होतं. सांगणार होतो, पण यंत्रातून धूर यायला लागला.
खाऊन सगळे त्यांच्या कोचच्या गाडीमागे गाड्या लावून गेले. यंत्र धुतलं. किल्ली लावण्याआधी वही काढली, रांग आठवून मोजली.
हजेरी: चौदा.