जुन्या तुरीच्या वाटेनं

आई,

बाजारातून आल्या की जेवून घ्या, भाकरी टोपल्यात आहे. आम्ही दोघं वावरात आहो.

राजदीपनं खालचं वावर न नांगरता पेरलं म्हणून तुम्ही त्यायच्याशी बोलत नाही. आज त्यायनं दोन्हीकडचं सोयाबीन खोदून पाह्यलं. वरच्या वावरात नांगरलेल्या मातीचा चिखल झालता, पेरणी लांबली. तिथलं मूळ वीतभर जाऊन कडक थरावर आडवं वळलं. खाली पेरणी वेळेवर झालती. तिथं हातभर खोदलं तरी मूळ संपेना. राजदीप बोटानं माती काढत गेले, तर ते मूळ एका जुन्या पोकळीतून सरळ खाली उतरलं होतं. ती पोकळी मागच्या सालच्या तुरीच्या कुजलेल्या मुळाची, नांगर न लागल्यानं तशीच राह्यलेली. बाबांनी पेरलेली शेवटची तूर ती.

राजदीप तिथंच बसले. मले म्हणे, "बाबानं याले रस्ता करून ठेवला वो. आईले दाखवा लागते."

खड्डा बुजवला नाही, वर ओलं पोतं झाकलं आहे. बाबा गेल्यापासून तुम्ही वावरात पाय ठेवला नाही, मले माहीत आहे. तरी आज या. राजदीपले तुम्हाले बोलवाची हिंमत होत नाही, म्हणून मी लिहून राह्यली.

प्रियंका