नकाराचा कागद

४ फेब्रुवारी, मंगळवार

सुटले! डॉक्टरांच्या चौकशी समितीचा अहवाल आला. आमचा हलगर्जीपणा नाही. आमचा पेशंट आश्रुबा मेला तो डोक्यात बसलेल्या काठीनं, असं स्पष्ट लिहिलंय. डॉक्टरसाहेबांनी अख्ख्या दवाखान्यात पेढे वाटले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तीन महिने पोलिसांची गाडी दिसली की मागच्या खोलीत पळायचे. नर्स म्हणून आरोपींत माझंही नाव होतं ना! आता सगळं एकट्या बजरंगवर. आश्रुबाचा सख्खा चुलतभाऊ, आणि बांधावरून काठी घातली. भोग म्हणावं!

५ फेब्रुवारी

आठ तास झोपले. नवरा म्हणतो, घोरत होतीस. घोरू दे!

६ फेब्रुवारी

ज्या कागदानं वाचवलं त्याची प्रत आज नीट वाचली. ‘बीडला नेऊन डोक्याचा स्कॅन करण्यास सांगितले. नातेवाइकांनी नकार दिला.’ खाली आश्रुबाच्या बायकोचा, सुभद्राबाईचा, डाव्या हाताचा अंगठा. शेजारी साक्षीदार म्हणून माझी सही.

टाके घालताना मी होते. त्याला दोनदा उलटी झाली, तीही डॉक्टरांना सांगितली. मग संध्याकाळी सहाला माझी ड्युटी संपली. डॉक्टर म्हणतात, तू गेल्यावर नकार दिला. असणारच. पहाटे ऊसतोडीच्या टोळीची गाडी साखर कारखान्याला निघणार होती, ही माणसं कशाला बीडला थांबतायत! त्याच गाडीत गेला बिचारा, वाटेतच.

सही मात्र आधीची. दर सोमवारी कोऱ्या फॉर्मच्या गठ्ठ्यावर सह्या करून ठेवते. पेशंटच्या गर्दीत साक्षीदार कुठं शोधत बसायचा? पोलिसांनी विचारलं होतं – अंगठा तुमच्यासमोर घेतला का? मी हो म्हणाले. एवढं एकच खोटं. त्यानं कुणाचं काय बिघडलं?

९ फेब्रुवारी, रविवार

नारायणगडाला जाऊन नारळ फोडून आले. नवस बोलले होते तसं. रांगेत बजरंगची आई दिसली. मी पदर पुढं ओढला.

११ फेब्रुवारी

सुभद्राबाई आली होती. मला वाटलं, भांडायलाच आली. पण तिला नुसती केसपेपरची झेरॉक्स पाहिजे होती. दिली, आणि मिळाल्याचा अंगठा घ्यायला रजिस्टर पुढं केलं. तिनं उजवा टेकवला. मी म्हणाले, बाई, डावा लागतो.

तिनं पदराखालून डावा हात काढला. चारच बोटं!

“डावा कुठून आणू, ताई? कोयत्यानं गेला, थोरली पोटात व्हती तवा.”

मी रजिस्टर मिटलं. कसंबसं विचारलं, मग त्या दिवशी बीडला न्यायला नकार का दिला?

“कोन म्हनलं बीडचं? डाक्टर म्हनले, घरी न्या, काय न्हाई झालं. बीड म्हनले असते तर गाडी सोडली असती की आमी.”

जाताना मलाच म्हणाली, तुमी लई जीव लावून टाके घातले. मी खुर्चीत बसूनच राहिले. डॉक्टरांनी दोनदा हाक मारली, गेले नाही.

१२ फेब्रुवारी

ठाण्यात जबाब बदलून आले. अंगठा माझ्यासमोर घेतला नव्हता, सही कोऱ्या कागदावरची, आणि त्या बाईला डावा अंगठाच नाही – सगळं लिहून दिलं. आरोपींत माझं नाव परत येणार. आत्ता मात्र लई भूक लागलीय.