सतरा नंबरची राणी आणि मी

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (सध्या वाकता येत नाही, तेव्हा तो झालाच असं समज). तुझी कंबर, भाऊजींचा रक्तदाब आणि तिन्ही पोरं जागच्या जागी शाबूत असतील असं धरून चालते. मला सातवा लागलाय. पोट माझ्याआधी दारातून आत शिरतं.

मुंग्यांची चौकशी तू कधीच करत नाहीस, म्हणून न विचारताच सांगते. आमच्या प्रयोगशाळेत चाळीस डब्यांत चाळीस राण्या आहेत. जास्त अंडी घालणारी राणी लवकर मरते का, हे बाई (म्हणजे माझ्या साहेब) सहा वर्षं बघताहेत. सगळ्यात जास्त अंडी सतरा नंबरची, आणि तीच सगळ्यांत ठणठणीत. परवा बाई परगावी गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "सतराला जप." आणि काल मी तिला मारलंच होतं.

झालं असं, की डबे धुताना कामकरी मुंग्या वाडग्यांत काढून ठेवायच्या आणि नंतर ज्याच्या त्याच्या डब्यात सोडायच्या. नंबर डब्यांवर न लिहिता झाकणांवर लिहिलेले (ही अक्कल माझीच). पोटाचा धक्का लागून दोन झाकणं पडली, ती मी एकमेकांच्या डब्यांवर बसवली आणि अठराच्या मुंग्या सतराच्या राणीवर ओतल्या. परक्या वासाची राणी त्यांना खपत नाही. बघते तर सहाजणी तिचे सहा पाय सहा दिशांना ओढताहेत! डबा तसाच फ्रिजमध्ये घातला, कारण गारठल्या की त्यांची पकड सुटते. पण जरा जास्त गारठा झाला तर राणीही जायची. दाराला टेकून चार मिनिटं घड्याळ बघत उभी राहिले. तेवढ्या वेळात बाळ अजिबात हललं नाही. मी नेमकी कुणासाठी घाबरलेय, तेच मला कळेना.

मग कुंचल्याने एकेकीला सोडवलं. राणीचा एक पाय गेला. तिच्या स्वतःच्या मुंग्या आणून सोडल्या, तर लगेच कुणी तिला चाटतंय, कुणी भरवतंय. संध्याकाळपर्यंत राणीसाहेबांनी अकरा अंडी घातली! तेवढ्यात बाळानेही लाथ मारली आणि मी खुर्चीत बसून भोकाड पसरलं. बाईंना फोन करून खरं ते सांगून टाकलं. नोकरी गेली असंच धरून बसले होते. त्यांनी आधी अंडी किती ते विचारलं. मग म्हणाल्या, "तिचं सगळं करायला इतक्याजणी आहेत गं, म्हणून ती टिकते. तुझ्याजवळ कोण आहे?"

मी म्हटलं, पुष्कळ आहेत.

भाऊजींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझी,
धाकटी

ता. क. माझी मुळीच काळजी करू नकोस. मला कुणाची गरज नाही.

ता. क. २. हे बोटीवर आहेत, चार महिन्यांनी येतील. शेजारीण चांगली आहे, पण तिचा सगळा जीव तिच्या मांजरात. ताई, नवव्यात येशील? तुझ्या तीन बाळंतपणांना मी एकदाही आले नाही, दर वेळी कामाचं कारण कळवलं. काम नव्हतं गं. मला भीती वाटायची. तुलाही वाटत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.