पोहण्याचा नियम

आप्पा, मी पोहण्याचा एक नियम लिहायला बसले आहे आणि तो काही जमत नाही. कसला नियम, ते आधी सांगते. रविवारी दुपारी आम्ही कारखान्यातली चार माणसं माझ्या सातपूरच्या घरी जमून एक खेळ खेळतो. एक खोटं राज्य असतं, त्यात राक्षस, जादूगार, सगळं. प्रत्येक जण एकेक वीर होतो, आपण काय करतो ते तोंडाने सांगतो, आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. खेळ चालवते मी. फासे म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडली असती, पण यात कोणी काही लावत नाही, वेळ सोडून.

आमच्यातल्या एकाने, स्टोअरमध्ये असतो तो, आपल्या वीराला पोहणं दिलंय. बाकीच्यांकडे तलवारी, आगीचे गोळे. मध्यंतरी वैतागून म्हणाला, "मॅडम, पोहणं काढा आणि मला धनुष्य द्या. याचा काडीचा उपयोग नाही." मी म्हटलं, थांब थोडं, तुझ्या पोहण्याला असं काहीतरी देते की हे तलवारवाले बघत राहतील. बोलून बसले, कारण डोक्यात तुम्ही होतात. आपल्या गावात, सायखेड्यात, तुमच्याइतकं पोहणारं कोण होतं? घरी येऊन लिहिलंसुद्धा, की पोहण्यात जो पारंगत झाला त्याला कोणताही पूर अडवू शकत नाही. आणि तिथेच अडकले, कारण तुम्हाला एकदा अडवलं होतं.

मी शाळेत होते तेव्हा. वरून धरणाचं पाणी सोडलं होतं. शेजारच्या मळ्यातले मामा नदीवरची मोटर काढायला गेले आणि बाभळीवर अडकले. अख्खं गाव काठावर, आणि सगळे तुमच्याकडे बघताहेत. तुम्ही बराच वेळ पाण्याकडे बघता, मग म्हणता, "हे पाणी नाय जाऊ देणार." मागून कोणीतरी म्हणतं, "लय पोहणारा ना हा? आन् आता काठावर उभा." तुम्ही वळून बघत नाही. एका हाताने माझं मनगट धरलंय आणि मामांना ओरडून सांगताय, "धरून राहा, हालू नका, पाणी उतरंल." आवाज बसेपर्यंत ओरडताय. संध्याकाळी पाणी कमरेवर आलं, मामा चालत बाहेर आले, लोकांनी त्यांना चहा पाजला. तुम्हाला कोणी काही म्हणालं नाही.

मग मी नियम बदलला. पारंगत पोहणाऱ्याने पाणी कसं आहे असं विचारलं, तर मी खरं ते सांगायचं. स्टोअरवाला म्हणाला, "म्हणजे मी काठावर उभं राहून उतरू नका म्हणायचं? मग मी वीर कसला?" पाणी ओळखता येणं हेच खरं मोठं काम, असं मला वाटतं, आणि लगेच वाटतं, बाभूळ मोडली असती तर? तेव्हाही मी त्याला ओळखणं म्हटलं असतं का? तुम्ही ओळखलंत, की घाबरलात, की दोन्ही एकदमच झालं, मला अजून कळत नाही. आणि ते मनगट. मी पाण्यात जाऊ नये म्हणून धरलं होतं, की तुम्ही जाऊ नये म्हणून? मी तर चांगली मागे उभी होते, तुम्हीच मला पुढे ओढून घेतलंत.

काल खेळात नदी आली. पूर मीच आणला, झाडावर माणूसही मीच बसवला. स्टोअरवाल्याने नियमाप्रमाणे विचारलं, "मॅडम, पाणी कसं आहे?" हे पाणी जाऊ देणार नाही, असं मी आधीच ठरवलं होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "उतर." फासासुद्धा टाकू दिला नाही. तो गेला, माणसाला घेऊन आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. तुमचं बरोबर होतं असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले, आप्पा. पण मला तुम्हाला उतरताना बघायचं होतं.