घाटाच्या कामाची यादी

१६ ऑगस्ट
काल ग्रामसभा. गावच्या नदीवर, आमच्या गंगेवर, घाट होणार: पायऱ्या, बाग, बोटी. पैसा सगळा सरकारचा, काम परगावच्या कंपनीला. ग्रा.पं.त तीन वर्षं सदस्य आहे, पण सभेत पहिल्यांदाच उभी राहिले. म्हटलं, गंगा आमची, पैसा सरकारचा, मग काम गावाला द्या. कंपनीचे इंजिनिअर हसून म्हणाले, "देऊ की." म्हटलं, नुसतं 'देऊ' नको, लिहून द्या. सरपंच बापू माझ्याकडे बघतच राहिले.
ठराव झाला. ग्रामसेवकाचं अक्षर कुणाला लागत नाही म्हणून मीच लिहिला. शेवटचं वाक्य इंजिनिअरनी सांगितलं. त्यांनी सही केली. बाया टाळ्या वाजवत होत्या.

४ सप्टें.
यादी पूर्ण. बत्तीस नावं. पहिलं मारोती भोयाचं, दुसरं त्याच्या धाकट्या भावाचं, नामदेवचं. दोघांचं पोट मासळीवर, आणि काम चालू झालं की पाण्यात जाळं टाकता येणार नाही. तिसरं माझ्या धाकट्या जावेचं, शांताचं.

९ ऑक्टो.
ऊसतोडीचा मुकादम टेम्पो घेऊन आला होता. शांता दर साली जाते. या साली नाही म्हणाली. "ताई म्हणल्यात गावातच काम हाय. कविती धाव्वीला हाय, तिची शाळा न्हाई बुडवायची."
मुकादम माझ्याकडे बघून म्हणाला, "बरं झालं. मागून बोलवू नका मग."
शेजारच्या गावातून टोळी भरली त्यानं. आपल्या गल्लीतली सात घरं माझ्या शब्दावर थांबली.

३ नोव्हें.
काम चालू. दोन ट्रक माणसं आली, सगळी बाहेरची. पत्र्याची खोपटंसुद्धा त्यांनीच आणलेली. यादी घेऊन सुपरवायझरकडे गेले. नवाच माणूस, सभेला नव्हता. म्हणाला, "मॅडम, ठराव वाचलाय मी. तुम्ही वाचलाय का?"
घरी येऊन नक्कल काढली. शेवटचं वाक्य: "कामावर शक्यतो गावातील माणसे घ्यावीत."
शक्यतो. इंजिनिअरनी सांगितलं, मी लिहिलं. मला वाटलं, नुसता आदराचा शब्द आहे. कृपया असतो तसा.

५ नोव्हें.
ह्यांना सांगितलं नाही. शांताला कसं सांगू

१४ नोव्हें.
परभणीला गेले. दोन एसट्या बदलून. कलेक्टर कचेरीतला बाबू चांगला माणूस होता, खुर्ची दिली. कागद वाचला. "शक्यतो लिवलंय की ताई. यात आमी काय करायचं? हे लिवलं कुणी?"
म्हटलं, ग्रामसेवकानं.
तोंडातून निघून गेलं. परत घेतलं नाही.

२९ नोव्हें.
शांता गेली. मुकादमाकडे पुन्हा तिलाच जावं लागलं. तो म्हणाला, उशिरा आलात, आता नवरा-बायकोवर भागणार नाही, दीड कोयता पाहिजे. म्हणजे तिसरं माणूस. कविताला सोबत घेतलं. पोरगी दप्तर घेऊनच टेम्पोत चढली, भावजींनी ते काढून माझ्याकडे दिलं.
शांता म्हणाली, "तुमची काय चूक न्हाई ताई. तुमी तर भांडलात आमच्यासाठी."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ डिसें.
सुपरवायझरनं बोलावलं. ठरावाचा मान राखतो म्हणाला. गावातला एक माणूस घेतो, कायम. यादीतलं पहिलं नाव घेतलं. मारोतीला निळा ड्रेस, काठी, शिट्टी. त्याची बायको सखू पेढे घेऊन आली. मी पण खाल्ला. किती दिवसांनी घास गोड लागला.

१४ डिसें.
मारोतीचं काम कळलं. घाटावर धुणं, गुरं, जाळी येऊ द्यायची नाहीत.

२७ डिसें.
लिहावं की नाही.
सकाळी नामदेव वरच्या अंगाला जाळं टाकून बसला होता. घरात दोन दिवस काही नव्हतं म्हणे. सुपरवायझरनं बघितलं. मारोतीला हाक मारली, जाळं ओढायला लावलं, मग कोयता दिला हातात. म्हणाला, "काप. परत येणार नाही."
मारोती उभाच. काठावर आम्ही पंधरावीस माणसं. बापू पण होते. कुणी हललं नाही. मी नाही हलले.
नामदेवच म्हणाला, "काप दादा. दुसऱ्यानं कापण्यापरीस तूच काप."
कापलं. दोघांच्या बापानं विणलेलं होतं. सावकाश कापत होता, शिवण उसवावी तसं. सुपरवायझर म्हणाला, "बारीक कर."
मग माझ्याकडे वळून: "बघा मॅडम, गावातला माणूस घेतला तर काम कसं नीट होतं. तुमचं बरोबर होतं."

५ जाने.
सखू आली. "ह्ये नोकरी सोडतो म्हणायलेत. भाकर खाईनात. तुमी सांगा काय करायचं, तुमीच लावलीय."
सोडू नको म्हटलं.
तिच्यासाठी म्हटलं का? बत्तीसातलं एकच नाव लागलंय. ते पण गेलं तर माझ्याकडे

१९ जाने.
कंपनीचा कागद आला. 'गावातील लोकांना ठरावाप्रमाणे रोजगार मिळाला' असं लिहिलंय, यादी माझी म्हणून खाली माझ्या सहीला जागा. कंपनीची शिल्लक रक्कम त्याशिवाय सुटत नाही म्हणे. सुपरवायझर गोड बोलला. सही केली तर सफाईला नि राखणीला आणखी दहा जण घेतो.
विचारलं, लिहून देता?
"शक्यतो देऊ," म्हणाला, आणि हसला.

२२ जाने.
शांताचा फोन, उसाच्या फडातून. मागं गाडीचा आवाज. "काम लागलं का ताई? लागलं आसंल तर कवितीला धाडून देते. परीक्षा जवळ आली."
म्हटलं, चार दिवसांनी सांगते.
कविता फोनवर आलीच नाही. हाताला चिरलंय म्हणे, जास्त नाही.

२५ जाने.
उद्या ग्रामसभा. कागद पुढ्यात आहे. बापूंनी सहीसाठी सकाळी दोनदा माणूस पाठवला.
दुपारी नामदेव आला. जाळं कापल्यापासून पहिल्यांदा आमच्या दारात. ओसरीवर टेकला नाही, पाणी घेतलं नाही. म्हणाला, "धा जण घेणार हायेत म्हणं. माझं नाव हाय ना?"
म्हटलं, हाय. दोन नंबरला.
"राखणीलाच द्या. सफाई नको." जायला वळला, परत फिरला. "निस्तं दादाच्या पाळीत टाकू नका."
गेला. पेनाचं टोपण काढून बसलेय.